माझ्याकडं आलं की चालतं

चौथ्यांदा कॅबिनेट घेऊन आला मल्लेश,
वडगावहून शहापूरला, स्कूटरवर पायांत उभं धरून,
टॉवेलात गुंडाळलेलं, आजारी करडासारखं.
"मॅडम, परत. मधेच. काही नेम न्हाई त्याला."

तो साड्यांची डिझाइनं काढतो.
काठावर मोर बसवताना
पडदा एकाएकी उभा फाटतो:
हिरवे पट्टे, जांभळे, मग काळं.
"काठ आपोआप पडतोय बघा की," म्हणाला
आणि हसला,
पण गिऱ्हाईक खोळंबलंय हे डोळ्यांत दिसत होतं.

माझ्या टेबलावर तीन दिवस चाललं ते.
ताप त्र्याऐंशीवर, पंखा फुल्ल,
रात्रभर चाचणी लावून मी झोपले.
सकाळी बघते तर तसंच,
शहाण्या पोरासारखं चौकोन फिरवत बसलेलं.
डॉक्टरसमोर खोकला थांबतो, तसं.

काय केलं नाही?
सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला.
जुनी पेस्ट खरवडून नवी लावली, मसुराएवढी.
ड्रायव्हर काढला, मागचा घातला, त्याच्याही मागचा.
रॅमच्या जागा बदलल्या.
माझा पॉवर सप्लाय दिला वापरायला.
मीटरवर बारा पूर्णांक एक,
बारा पूर्णांक एक,
मेला आकडासुद्धा ढळेना.

दर वेळी म्हटलं, "आता झालं."
पहिल्यांदा पैसे घेतले. दुसऱ्यांदा निम्मे.
तिसऱ्यांदा नको म्हटलं तर
हातभर काठाचा नमुना ठेवून गेला काउंटरवर.

कायमचं बिघडलेलं बरं.
मेलेलं कार्ड खोटं बोलत नाही.

शेवटी त्याच्या घरी गेले.
खाली चार माग, माडीवर कॉम्प्युटर.
वही घेऊन बसले:
अकरा वीस.
अकरा पन्नास.
दोन पाच.
मग पाचपर्यंत काही नाही.
वेळांच्या खाली रेघ मारली,
बेरीज करायची असल्यासारखी.

तीन नंबरच्या मागावरची गंगव्वा चहा घेऊन वर आली.
पडद्याकडं तिनं पाहिलंच नाही.
कॅबिनेटच्या पाठीवर तळहात ठेवला,
धागा तुटायच्या आधी मागावर ठेवत असेल तसा,
आणि थांबली.
"नडगतैति," म्हणाली.
थरथरतंय. एवढं कन्नड मला येतं.

झाकण उघडलं.
कार्ड तांदळाच्या दाण्याएवढं खाली झुकलेलं,
आणि पट्टीवरच्या दोन स्क्रूंपैकी एक जागेवर नाही.
तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
दुसऱ्या खेपेला मीच लावायचा विसरले होते.

हे मल्लेशला सांगायला मला अख्खा कप चहा लागला.
तो म्हणाला, "पण पहिल्यांदा बिघडलं तवा
स्क्रू होता की."
खरं होतं.
आणि परवा लाईट गेलेली, माग बंद,
इन्व्हर्टरवर असतानाही पट्टे आलेच होते.
म्हणजे सगळं खापर माझं नाही.
म्हणजे उत्तरही हे नाही.

गंगव्वानं कनवटीतून रिकामी कांडी काढली,
"हिंग इडु," म्हणत कार्डाखाली टेकू दिला.
बरोब्बर बसली. मापानं कापल्यासारखी.

एकोणीस दिवस झाले.
न बिघडणं हा काही पुरावा नव्हे;
बिघडलं तर कळतं, सुधारलं हे कशानं कळणार?
फोन वाजला की आधी नाव बघते.

काल त्यानं पुऱ्या झालेल्या डिझाइनचा फोटो पाठवला.
मोर चांगला उतरलाय.
मानेशेजारी एक बारीक जांभळी रेघ, उभी,
वरपासून खालपर्यंत.

काढलीय की पडलीय,
विचारलं नाही.